ओठ दिसत नाहीत

आधीच सांगून ठेवते, मला टीव्हीतलं काही कळत नाही. मी शाळेत भूगोल शिकवते, घरी दोन वेळचा स्वयंपाक करते आणि लग्न झाल्यापासून रोज सकाळी आंघोळ झाली की कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावते. एवढ्या भांडवलावर मी उज्जैनच्या एका केबलवाल्याला गप्प केलं. लोक म्हणतात, मंगलाकाकू भारी तिखट. असू दे. आमच्या घरात एकीने तरी तिखट असायलाच हवं होतं, कारण माझी मोठी जाऊ, प्रतिभावहिनी, म्हणजे निव्वळ वरणभात.

वहिनींना बघायला आमच्या घरची मंडळी देवासला गेली होती, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हिला ओठच नाहीत. बरंय, बोलायची नाही." सगळे हसले. लग्न ठरलं. आणि वहिनींनी ते वाक्य असं मनावर घेतलं की इतक्या वर्षांत त्या खरंच बोलल्या नाहीत. पानावर मीठ हवं असलं तरी बरणीकडे नुसतं बघायच्या. मी आणून द्यायची आणि वर चार शब्द माझे टाकायची.

त्यांची मुलगी देवश्री. उंची बापाची, म्हणजे आमच्या श्रीधरभाऊजींची. ओठ आईचे, पेन्सिलीने रेघ मारावी तसे बारीक. आणि आवाज कुणाचा, देव जाणे. महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत माइकवर हीच असायची. चप्पल हरवल्याची सूचना जरी दिली तरी लोक आपापल्या चपला विसरून ऐकत बसायचे. पोरगी लहान होती तेव्हापासून हातात लाटणं धरून, समोर पेपर ठेवून बातम्या वाचायची. आम्ही पोळ्या लाटायला लाटणं मागितलं तर म्हणायची, मुख्य समाचार संपू दे.

तर ते दिवस असे होते की गच्चीगच्चीवरून केबलच्या काळ्या वायरी धावायला लागल्या होत्या. आपल्या देशाच्या दोन मुली सगळ्या जगात सुंदर ठरून आल्या होत्या, त्यामुळे उज्जैनमध्येही जिला तिला आरशात काहीतरी कमी दिसायला लागलं होतं. गल्लीगल्लीत पार्लर. जिथे पूर्वी पिठाची चक्की होती तिथे आता वॅक्सिंग. आमच्या शेजारच्या अलकाताईंनी पन्नाशीत भुवया कोरून घेतल्या आणि पुढे महिनाभर त्या चकित झाल्यासारख्या दिसत होत्या.

आमच्या भागाची केबल फ्रीगंजच्या भय्यासाहेब पागनिसांची. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या घोड्यांच्या पागेवर होते, हे ते बिलाच्या वसुलीला आले तरी सांगतात. घोडे गेले, वायरी आल्या, रुबाब तोच. या भय्यासाहेबांनी ठरवलं की आपल्या केबलवर रोज संध्याकाळी गावच्या बातम्या द्यायच्या आणि त्या वाचायला एक मुलगी ठेवायची. देवश्रीचं हिंदीत एम. ए. झालेलं. भाऊजींनी तिला बजावून ठेवलं होतं की दसऱ्यापर्यंत काही कामधंदा लागला तर ठीक, नाहीतर पुण्याकडची स्थळं बघायला घेणार. लग्नाला तिची ना नव्हती. पण तिला बातम्या वाचायच्या होत्या, लाटण्यावर नाही, खऱ्या माइकवर. आयुष्यात तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

ती चाचणी देऊन आली ती पडल्या चेहऱ्याने. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. भय्यासाहेबांच्या वरच्या खोलीत कॅमेरा मांडलेला, त्याची वायर त्यांच्या नव्या मोठ्या टीव्हीला जोडलेली. समोर बसलेल्या मुलीकडे हे गृहस्थ बघतच नाहीत, टीव्हीत बघतात. म्हणाले, आवाज फर्स्ट क्लास, उच्चार फर्स्ट क्लास, पण बेटा, ओठ दिसत नाहीत. पब्लिक को चेहरा चाहिए. ओठच नसलेली मुलगी बोलते म्हणजे भिंत बोलते आहे असं वाटतं. काहीतरी करून ये, आजकाल सब होता है.

हिच्याआधी आणखी दोन मुलींनाही त्यांनी तेच सांगितलं होतं. उज्जैनच्या मुलींना मुळात ओठच कमी, हा क्षिप्रेच्या पाण्याचा दोष आहे, असं त्यांचं मत झालं होतं. ऐकलंत? तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण रागात डोकं चालत नाही माझं, फक्त तोंड चालतं.

त्या दिवशी जेवताना घरातला प्रत्येक माणूस देवश्रीच्या तोंडाकडे बघत होता. बिचारीला घास घेणं मुश्किल. भाऊजी म्हणाले, सोडून दे, पुण्याला पत्र टाकतो. आमचे हे, म्हणजे यज्ञेश्वर, बँकेत कॅशियर आहेत आणि सगळ्या विषयांत मत ठेवून आहेत. यांनी सांगितलं की साक्षात महाकालाला रोज संध्याकाळी भांग-चंदनाने नवा चेहरा करतात, डोळे काढतात, मिशा काढतात, मग पोरीने थोडं रंगरूप केलं तर काय बिघडलं. मी म्हटलं, महाकालाला कुणी सांगत नाही की आधी ओठ नीट करून या, मग दर्शनाला लोक पाठवू. चेहरा कसाही असो, रांग लागतेच. आणि पहाटे आंघोळ घातली की सगळं उतरतं. यावर यांनी भातावर शेव वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी देवश्रीने गडद लाल लिपस्टिक आणली आणि लावून पुन्हा फ्रीगंजला गेली. मी तिला जाताना बघितलं होतं. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराने थांबावं इतकी लाल. भय्यासाहेबांनी टीव्हीत बघून विचारलं की लिपस्टिक लावलीस ती कुठे?

मग सुरू झाली सल्ल्यांची झुंबड. अलकाताई म्हणाल्या लवंगेचं तेल लाव. ते लावलं तर ओठ इतके बधिर झाले की चहा कुठून आत जातोय आणि कुठून बाहेर येतोय ते कळेना. कुणी म्हणालं मिरची चोळ. मी म्हटलं, त्यापेक्षा मधमाशीच आणा एक. तर अलकाताई खरंच विचार करायला लागल्या की मधमाशी मिळेल कुठे.

शेवटी प्रकरण जयूच्या पार्लरमध्ये गेलं. ही जयू माझीच विद्यार्थिनी. भूगोलात नापास व्हायची, पण मुंबईला जाऊन पार्लरचा कोर्स करून आली आणि देवास गेटजवळ दुकान टाकलं. तिने सांगितलं की मुंबईत तर बायका सरळ ओठांत इंजेक्शन घेतात. आत काहीतरी भरतात आणि ओठ फुगतात. काही महिन्यांनी उतरले की पुन्हा भरायचे. असा एक डॉक्टर दर रविवारी इंदूरला येतो, तिची ओळख आहे, या रविवारचा नंबर लावून देते.

घरी हे ऐकून भाऊजी उठून उभेच राहिले. मी तर सुरूच झाले. म्हटलं, हे काय सायकलचं चाक आहे, हवा गेली की पुन्हा भरायला? नोकरी करायची म्हणजे जन्मभर सुया टोचून घ्यायच्या? आणि मग उद्या भय्यासाहेब म्हणाले नाक दिसत नाही, तर? त्यांच्या स्वतःच्या केसांचा कलप कानामागून ओघळतो, ते नाही कुणाला दिसत. मी अजून बरंच बोलणार होते, पण तेवढ्यात वहिनी बोलल्या.

वहिनी बोलल्या म्हटल्यावर भाऊजी पुन्हा खाली बसले. त्या दाराशी उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "घेऊ दे तिला सुई. ओठ माझ्यावरून आलेत. माझ्यामुळे तिचं अडायला नको."

इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आम्ही, पण वहिनींच्या मनात हे एवढं साठलंय हे मला कळलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आलं याचा राग आला. मी देवश्रीकडे वळून विचारलं की तुझं काय म्हणणं आहे. ती म्हणाली, "काकू, मला बातम्या वाचायच्या आहेत. ओठांत काय भरायचं ते भरू देत त्यांना." आणि ती आत जाऊन झोपली, दिवसाउजेडी.

शनिवारी जयूने एक शहाणपणा केला. एवढा खर्च आणि दुखणं करण्याआधी भय्यासाहेबांना फुगलेले ओठ पसंत पडतात का ते बघून घेऊ, म्हणाली. विचार चांगला होता. त्यासाठी तिने डोळे धुवायची काचेची छोटी वाटी घेतली, देवश्रीच्या ओठांवर उपडी धरली आणि सांगितलं की आतली हवा ओढून घे. पूर्वी वैदू तुंबडी लावायचे तसाच प्रकार, फक्त याला जयू मुंबईची ट्रीटमेंट म्हणत होती. वाटी गच्च बसली. मिनिटभर धरायची होती. पण तेवढ्यात एका नवरीकडची बायकांची फौज आत शिरली, मेंदीवरून त्यांचा हल्ला सुरू झाला आणि जयू देवश्रीला विसरली. देवश्रीला तर बोलताच येईना, तोंडावर वाटी. ती बिचारी हात हलवून बोलावत होती आणि त्या बायकांना वाटलं, मुलगी नमस्कार करतेय. त्यांनीही केले.

वाटी निघाली तेव्हा ओठ फुगले होते, यात शंका नाही. पण ओठांच्या भोवती वाटीच्या काठाएवढं गोल, जांभळं कडं उमटलं होतं. जयूने पावडर लावली तर ते कडं आणखी उठून दिसायला लागलं. तिने मला शाळेत निरोप पाठवला. मी आले, पाहिलं आणि म्हटलं, चल. आता त्या माणसाला मीच भेटते.

फ्रीगंजला गेलो. रिक्षात देवश्री तोंडावर ओढणी धरून बसली होती आणि मी रिक्षावाल्याशी उगीचच भांडत होते. वर गेल्यावर भय्यासाहेबांनी आमचं आगतस्वागत केलं, पूर्वजांची आठवण काढली आणि देवश्रीला कॅमेऱ्यासमोर बसवून स्वतः टीव्हीसमोर बसले. मीही बघितलं. तो मोठा टीव्ही मी पहिल्यांदाच बघत होते. देवश्रीचा चेहरा त्यात टोमॅटोसारखा लालबुंद. त्या लालीत ते जांभळं कडं ठसठशीत, आणि कड्याच्या आत ओठांचा पत्ता नाही.

भय्यासाहेबांनी मान तिरकी करून बराच वेळ बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, की चला, फरक पडलाय. निदान तोंड कुठे आहे ते तरी कळतंय.

आता मात्र माझा तोल गेला. मी उठले आणि देवश्रीचा हात धरून तिला उठवायला थेट कॅमेऱ्यासमोर गेले. नेमक्या त्याच वेळी भय्यासाहेबांची बायको अहल्यावहिनी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. त्यांची नजर आधी टीव्हीवर गेली. ट्रे हातातच धरून त्या जागीच थांबल्या.

"अगबाई, मंगलाताई," त्या पांढऱ्या पडून म्हणाल्या, "यज्ञेश्वरभाऊजी बरे आहेत ना?"

मी टीव्हीकडे वळले. टीव्हीत मी होते. माझी साडी होती, माझं मंगळसूत्र होतं, माझा रागाने फुगलेला चेहरा होता. आणि कपाळ मोकळं. कुंकूच नाही. सकाळी तर यांनी दोन वाट्या पोहे खाल्ले होते! मी कपाळाला हात लावला. बोटं लाल झाली. कुंकू जागेवर होतं. पुन्हा टीव्हीत बघितलं. नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात ते चमकलं. मला टीव्हीतलं कळत नाही, पण रुपयाएवढं कुंकू हवेत विरत नाही एवढं कळतं. मी त्या टीव्हीजवळ गेले. खाली एक छोटं झाकण होतं आणि त्यावर चिकटपट्टी मारलेली. मी विचारलं हे काय. भय्यासाहेब अभिमानाने म्हणाले की ते रंगाचं बटण, त्यांनी पहिल्या दिवशीच शेवटपर्यंत फिरवून ठेवलंय आणि कुणी हात लावू नये म्हणून पट्टी मारलीय. कलर टीव्ही घेतला तर कलर पूरा दिसला पाहिजे. अर्ध्या रंगासाठी थोडेच पैसे मोजलेत?

मी पट्टी ओढून काढली. ते "अहो, अहो" म्हणेपर्यंत बटण मागे फिरवलं. टीव्हीतल्या चेहऱ्यांवरचा लाल पूर हळूहळू ओसरला. आधी माझं कुंकू वर आलं, मग देवश्रीचे ओठ. जरा सुजलेले, भोवती कडं, पण दोन ओठ, वरचा आणि खालचा, जिथे देवाने ठेवले होते तिथेच. इतके दिवस सगळ्या गावच्या मुलींचे ओठ या माणसाने स्वतःच्या हाताने बुडवले होते आणि दोष क्षिप्रेला देत होता.

अहल्यावहिनींनी ट्रे खाली ठेवला. त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि टीव्हीत बघत राहिल्या. मग शांतपणे नवऱ्याला म्हणाल्या की याच टीव्हीवर आपल्याकडच्या मुंजीची व्हिडिओ कॅसेट बघताना माझं तोंड लाल आणि सुजकं दिसतंय असं तुम्हीच म्हणाला होतात, तेव्हापासून मी रोज बेसन लावतेय, वर्ष झालं. भय्यासाहेबांनी रुमाल काढून मान पुसली. रुमालाला कलप लागला.

पण सरदारी रक्त, इतक्यात हार मानतंय होय? थोडा वेळ टीव्हीकडे बघून म्हणाले की ओठ दिसतात, मान्य, पण आता मुलगी फिकी वाटते. जरा तेज कमी पडतंय. तिने काही लावलं तर...

देवश्रीने तोंडावरची ओढणी कधीच खाली टाकली होती. ती तिच्या त्या बातम्यांच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "भय्यासाहेब, बटण तुमच्या टीव्हीला आहे. माझ्या तोंडाला नाही."

मग अहल्यावहिनी हसायला लागल्या, त्यांच्यामागून मी, आणि शेवटी भय्यासाहेबांनाही हसावं लागलं, कारण न हसून करणार काय. आम्ही चहा घेऊनच निघालो. जाताना अहल्यावहिनींनी नवऱ्याच्या वतीने सांगून टाकलं की सोमवारपासून ये.

रविवारी इंदूरला कुणी गेलं नाही. जयूला वाईट वाटलं, पण मी तिला समजावलं. सोमवारपर्यंत कडं जरा फिकं झालं होतं, उरलेलं पावडरीखाली गेलं.

सोमवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये अर्धी गल्ली जमली. अलकाताई त्यांच्या चकित भुवया घेऊन सगळ्यांत पुढे. भाऊजी उगीचच पेपर चाळत होते. वहिनी नेहमीसारख्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून. बातम्या लागल्या आणि पडद्यावर देवश्री आली. लालबुंद, टोमॅटो. ओठांचा पत्ता नाही!

मी यांच्याकडे बघितलं. यांनी नजर चुकवली. आमच्या टीव्हीचंही रंगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं, आणि का फिरवलं होतं ते मी विचारायची गरजच नव्हती. साऱ्या उज्जैनमध्ये घरोघरी हेच. पण गंमत बघा, कुणाचं लक्षच नव्हतं तिकडे. देवश्रीने नळाला पाणी एक दिवसाआड येणार म्हणून सांगितलं आणि सगळी गल्ली श्वास रोखून ऐकत होती. अलकाताई म्हणाल्या, काय गोड सांगितलं हो, उद्या पाणी नाही.

मी उठणार होते बटण कमी करायला. पण माझ्या आधी वहिनी पुढे आल्या. जमलेल्या माणसांच्या पायांमधून वाट काढत त्या टीव्हीपर्यंत गेल्या, खाली वाकल्या आणि झाकण उघडून बटण हळूहळू मागे फिरवलं. हे म्हणाले, वहिनी, रंग उडाला ना. त्यांनी लक्ष दिलं नाही. त्या तशाच टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, सगळ्यांना आडव्या, आणि कुणाची हिंमत झाली नाही सरका म्हणायची.

पडद्यावर ते बारीक ओठ हलत होते. वहिनी बघत होत्या. मग त्या सगळ्यांकडे वळल्या आणि भरल्या घरात, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"ते ओठ माझे आहेत."